चावडी कोणी बांधली?

पनवेलला तारखांची ददात नाही. नगरपालिका स्थापन झाली 25 ऑगस्ट 1852 ला, आणि राज्यातल्या अगदी आरंभीच्या नगरपालिकांत आपली गणना होते हे पनवेलकर अभिमानाने सांगतात. त्याआधी तीन वर्षं, 1849 मध्ये, इथल्या बेने इस्राएल मंडळींनी बेथ एल हे आपलं सिनेगॉग उभारलं. त्याही आधी, 10 नोव्हेंबर 1830 ला, गव्हर्नर सर जॉन माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि मुंबईहून मचव्याने येणारा प्रवासी पनवेल बंदरात उतरून पुण्याची वाट धरू लागला. कर्नाळा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला तो 1818 च्या जानेवारीत. ज्यांचे आजोबा त्या किल्ल्याचे किल्लेदार होते ते वासुदेव बळवंत फडके शिरढोणला जन्मले, 4 नोव्हेंबर 1845 रोजी.

शहर मागे टाकून तालुक्यातल्या एखाद्या जुन्या गावात शिरलं की मात्र तारखा विरळ होत जातात. गावदेवीचं देऊळ कधीचं? जुनं. विहीर कधीची? देवळाच्या वेळची. आणि चावडी? इथे म्हातारी माणसं क्षणभर थांबतात आणि सांगतात, आमच्या आज्याच्या आधीची. त्या आजोबांना कोणी विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं.

चावडी म्हणजे काही भव्य वास्तू नव्हे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर चार-सहा लाकडी खांब, तीन बाजूंनी भिंत किंवा नुसताच कठडा, वर कौलं, पुढे ओटा. पण गावचा सारा इथे भरला गेला, वाटण्या इथे झाल्या, शिवेचे तंटे इथे मिटले किंवा चिघळले, दवंडीतला मजकूर आधी इथे ठरला. गावाच्या सार्वजनिक आयुष्याला एकच छप्पर होतं असं म्हटलं तर ते हेच. तरीही त्याचा कर्ता कोण, हे सांगणारा कागद सहसा सापडत नाही. मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वास्तू कोणी बांधली यावरूनच ती कोणाची हे आपण ठरवत आलो आहोत, आणि चावडीच्या बाबतीत हा रस्ता पहिल्या पावलालाच बंद होतो.

दगडात शोधायचं म्हटलं तर रायगड जिल्हा गरीब नाही. अलिबागजवळच्या अक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा. मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. उरणजवळच्या चांजे गावात शिलाहार राजा सोमेश्वराचा शके 1182 चा, म्हणजे 1260 चा लेख मिळाला. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या ताम्रपटांत दान देताना ज्यांना उद्देशून आज्ञा केली आहे त्या अधिकाऱ्यांत राष्ट्रपती, विषयपती, नगरपती यांच्याबरोबर ग्रामपतीही येतो. म्हणजे हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर गावाचा कारभारी होता आणि राजाला त्याची दखल घ्यावी लागत होती. तो कुठे बसून कारभार करायचा, याबद्दल ताम्रपट गप्प आहेत. त्यांना जमीन कोणाला दिली आणि तिच्या चतुःसीमा काय, एवढंच सांगायचं होतं.

तमिळ देशातलं उत्तिरमेरूर इथे आठवतं. तिथे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धात, पहिल्या परांतक चोळाच्या काळात, ग्रामसभेच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची याचे नियम दगडावर कोरले गेले. चिठ्ठ्या मडक्यात टाकून निवड करायची, कोण अपात्र, हे सगळं त्यात आहे. अनंत सदाशिव अळतेकरांनी 1927 मध्ये पश्चिम हिंदुस्थानातल्या ग्रामसंस्थांवर पुस्तक लिहिलं तेव्हा त्यांना हा फरक ठळकपणे नोंदवावा लागला. दक्षिणेत दिसतात तशा नियमबद्ध समित्या आपल्याकडे दिसत नाहीत. पाटील आणि गावातली वडीलधारी मंडळी यांच्या बैठकीवर काम चालतं. जिथे सभेचे नियमच कोरलेले नाहीत तिथे सभेच्या जागेवर लेख कुठून येणार?

पुढे मराठी कागद बोलू लागतात, आणि भरभरून बोलतात. सतराव्या-अठराव्या शतकातले महजर आणि निवाडपत्रं वाचताना गाव डोळ्यांसमोर उभं राहतं. वतनाचा तंटा निघाला की गोत जमे: पाटील, कुलकर्णी, शेटे, चौगुला, बलुतेदार, शेजारच्या गावांचे पाटील. कोण कोण हजर होतं त्यांची नावं एकाखाली एक येतात. लिहिता न येणारा आपली निशाणी करतो. कुणब्याचा नांगर, शेट्याचा तराजू. वादी काय म्हणाला, प्रतिवादी काय म्हणाला, साक्षीदाराला कोणत्या देवाची शपथ घातली, सगळं तपशिलाने येतं. बैठक कधी देवळात भरते, कधी नदीकाठी, कधी पाराखाली, कधी चावडीत. कागद लिहिणाऱ्याला ती जागा पुरती ओळखीची होती, म्हणून तो तिचं वर्णन करत नाही. आपण ज्या ओट्यावर मांडी घालून लिहितो आहोत तो कोणी घातला, हे लिहून ठेवण्याचं त्याला काही कारणच नव्हतं.

इंग्रज आले ते अनोळखी म्हणून, त्यामुळे त्यांनी वर्णनं केली. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल लिहिला त्यात गाव ही जणू स्वतःपुरती पुरी असलेली संस्था म्हणून येते. त्याच सुमारास टॉमस कोट्स या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणी या एकाच गावाची बारकाईने पाहणी केली: घरं, माणसं, पिकं, कर्जं. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी हे गाव म्हणजे लोणीकंद असं निश्चित करून सव्वाशे वर्षांनी त्याची पुन्हा पाहणी केली आणि 1960 मध्ये ती छापली. महाराष्ट्रातल्या एका साध्या गावाचं दोनदा काढलेलं असं चित्र दुर्मीळ आहे. पनवेलच्या एखाद्या गावाला असा कोट्स भेटला असता तर!

पनवेलच्या वाट्याला आणखी एक अडचण आली. हा तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता, 1883 मध्ये तो कुलाब्याला जोडला गेला. त्यामुळे 1882 च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये पनवेल सापडतं आणि 1883 च्या कुलाबा गॅझेटिअरमध्ये, जिथे आजचा वाचक ते आधी शोधेल, तिथे सापडत नाही. कुलाब्याचं रायगड झालं 1981 मध्ये. एका तालुक्याच्या गावांचा इतिहास शोधणाऱ्याला असं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरावं लागतं.

पण कागद न मिळण्याचं खरं कारण याहून खोल आहे, आणि ते आपल्या जमीनमहसुलाच्या पद्धतीत आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापुरापासून सुरू केलेली मोजणी उत्तर कोकणात 1850 च्या दशकात पोहोचली. साखळी धरून एकेक शेत मोजलं गेलं, त्याला क्रमांक मिळाला, प्रत ठरली, आकार बसला. आज आपण ज्याला सातबारा म्हणतो त्याची मुळं तिथे आहेत. ही मोजणी साऱ्यासाठी होती. जिथून सारा येत नाही ती जमीन मोजणीदाराच्या दृष्टीने रिकामी. म्हणून गावठाणाभोवती एक रेघ ओढली गेली आणि आतलं सगळं, घरं, गोठे, देऊळ, विहीर, चावडी, एकाच आकारात मिटून गेलं. गावाच्या नकाशात शेताचा प्रत्येक बांध दिसतो आणि माणसं राहतात ती जागा कोरी दिसते. गावठाणातल्या जुन्या घराला सातबारा नाही, याची झळ पनवेल-उरणच्या माणसाइतकी क्वचितच कोणाला बसली असेल. चावडीची गोष्ट तीच. ती कधी विकली गेली नाही, कधी गहाण पडली नाही, तिच्यावर सारा बसला नाही. कागद तयार व्हायला व्यवहार लागतो, आणि चावडीचा स्वतःचा असा व्यवहार कधी झालाच नाही.

इमारतीलाच विचारावं, तर तीही सरळ उत्तर देत नाही. या भागात पाऊस असा की गवताचं किंवा पेंढ्याचं छप्पर दरवर्षी शाकारावं लागे. लाकडाला वाळवी लागते, खांब बुडाशी कुजतो, कुजला की बदलतात. मंगलोरी कौलं आली ती बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतर. कौलावर कारखान्याचं नाव उठवलेलं असतं आणि त्यावरून पुष्कळ जण चावडीचं वय सांगतात. ते वय छपराचं असतं. त्याआधी तिथे हाताने थापलेली नळ्याची कौलं असतील, त्याआधी पेंढा. भिंती मातीच्या होत्या त्या विटांच्या झाल्या, विटांना सिमेंटचा गिलावा लागला. जुनं राहतं ते जोतं. एकावर एक बसवलेले काळे दगड, त्यांच्यावर तारीख नाही, नाव नाही.

आणि बांधणारे? चावडीचं काम गावकीने उचलायचं काम होतं. कोणी वासे द्यायचे, कोणी पेंढा, कोणी बैलगाडी, ज्याच्याकडे काही नाही त्याने अंगमेहनत. सुतार, लोहार, कुंभार बलुत्यावर राबायचे. मजुरी रोख चुकवली गेली नाही म्हणून हिशेब नाही, आणि एका धन्याने बांधून घेतलं नाही म्हणून नाव नाही. मला वाटतं चावडीचं मूळ अनिश्चित असण्याचा अर्थच हा आहे. तिची सुरुवात एका दिवशी झालेली नसावी. आधी झाडाखालची सावली, मग सावलीभोवती पार, पावसासाठी चार मेढी रोवून मांडव, मांडवाखाली ओटा, ओट्यावर छप्पर. प्रत्येक पिढीने थोडं थोडं केलं असेल आणि कोणालाच आपण चावडी बांधतो आहोत असं वाटलं नसेल.

इंग्रजी अमलात या जागेचा रंग पालटला. उत्तर कोकणात पगारी तलाठी लवकर आले, आणि त्यांचं दप्तर चावडीत बसलं. फडक्यात बांधलेल्या वह्या, गावाचा नकाशा, साऱ्याच्या हप्त्यांच्या तारखा. मामलेदार फिरतीवर आला की चावडी झाडून-सारवून तयार. 1867 चा ग्रामपोलीस कायदा, 1874 चा वतनी हक्कांचा कायदा, 1879 चा जमीनमहसुलाचा कायदा, एकेक कायदा येत गेला तसा पाटील गावाचा कमी आणि सरकारचा जास्त झाला. नोटीस चावडीवर डकवली की ती गावाला पोहोचली असं कायदा मानू लागला. गावानेच उभी केलेली जागा गावाला सरकारी वाटू लागली ती या काळात. ज्या ओट्यावर बसून एकेकाळी गोताने निवाडे केले, त्याच ओट्यासमोर माणूस हात जोडून सारामाफीची विनवणी करू लागला.

चावडी गावाची, असं मी वर सहजपणे म्हटलं. इथे थांबायला हवं, कारण गाव म्हणजे कोण, हा प्रश्न या ओट्यानेच सर्वांत कठोरपणे घातला आहे. महार हा गावच्या कारभाराचा कणा होता. सारा तालुक्याला पोचवायचा त्याने, वेशीवर राखण त्याची, सरकारी पाहुण्याचं सामान वाहायचं त्याने, आणि गावाची शीव कुठून कुठे जाते हे सांगायचं तेही त्यानेच. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष निर्णायक मानली जाई. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरली त्याला त्या गावाच्या चावडीत चढता येत नव्हतं. तो खाली अंगणात उभा राही. कातकऱ्याची वस्ती तर गावाबाहेर, रानाच्या कडेला. त्याचा चावडीशी संबंध यायचा तो बहुधा बोलावणं आल्यावरच. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या मार्चमध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं तेव्हा ही चोवीस तासांची गुलामगिरी त्यांनी सरकारसमोर मांडली. हे वतन कायद्याने संपायला 1958 उजाडावं लागलं.

आणि याच कुलाबा जिल्ह्यात, पनवेलहून दक्षिणेला महाडला, एका सार्वजनिक जागेचं मूळ अज्ञात असण्याने न्यायालयात निर्णायक वळण घेतलं. हा खटला चावडीचा नाही, तळ्याचा आहे. पण चावडीच्या प्रश्नाचा गाभा त्यात जितका स्पष्ट उघडा पडला तितका आणखी कुठे पडल्याचं मी वाचलेलं नाही.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने 4 ऑगस्ट 1923 ला मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. तो कागदावर राहिला, म्हणून 20 मार्च 1927 ला आंबेडकर आणि त्यांच्यामागे हजारो माणसं त्या तळ्यावर पाणी प्यायली. त्यानंतरची दंगल आणि सवर्णांनी केलेलं तळ्याचं शुद्धीकरण सर्वांना माहीत आहे. त्यानंतर जे दिवाणी दाव्यात घडलं ते कमी सांगितलं जातं. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या काही सवर्ण रहिवाशांनी दावा लावला. त्यांचं म्हणणं दुहेरी होतं: तळं आमच्या मालकीचं आहे, आणि ते नसेल तरी अस्पृश्यांना तिथे येऊ न देण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाड, मग ठाणे, मग मुंबई उच्च न्यायालय. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी 17 मार्च 1937 ला निकाल दिला. चार-पाच एकरांचं ते तळं, चहूबाजूंनी रस्ते आणि रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरं. तळं निदान अडीचशे वर्षांचं आहे हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. पण ते कोणी खोदलं, कधी खोदलं, मुळात ते पूर्णपणे माणसाने केलेलं आहे की निसर्गाच्या खळग्याला माणसाने आकार दिला, याचा काहीच पुरावा पुढे आला नाही. मालकी सिद्ध झाली नाही. राहिली रूढी. इथे न्यायालयाने जो विचार केला तो लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे: भोवती सगळी सवर्णांची वस्ती, म्हणून अस्पृश्य त्या पाण्यावर कधी गेले नसतील हे शक्य आहे, पण कोणी गेलं नाही यावरून त्याला जाऊ न देण्याचा हक्क कायद्याला मान्य अशी पुरातन रूढी म्हणून सिद्ध होत नाही. दावा फेटाळला गेला.

जुनं आहे, पूर्वीपासून आहे, कोणालाच आठवत नाही तेव्हापासून आहे, या शब्दांत गावोगावी किती दारं बंद ठेवली गेली! महाडच्या निकालाने त्या शब्दांची ताकद काढून घेतली. सुरुवात माहीत नाही म्हणजे हक्क सिद्ध झाला, असं होत नाही. तेरा वर्षांनी आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने तर विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि लोकांच्या वापराच्या जागा यांच्याबद्दल कोणी बांधलं हा प्रश्नच बाजूला ठेवला. सरकारी पैशातून राखलेल्या असोत की सर्वसाधारण जनतेच्या उपयोगासाठी दिलेल्या असोत, त्या सर्वांना खुल्या. चावडीसारख्या, कर्ता नसलेल्या वास्तूला यापेक्षा योग्य व्याख्या मिळाली नसती.

त्यानंतर चावडीचा कारभार झपाट्याने निघून गेला. कुलकर्णी वतनं 1951 मध्ये संपली, मुलकी पाटलाचं पद 1963 च्या पहिल्या दिवसापासून. 1958 च्या कायद्याने ग्रामपंचायती आल्या, त्यांना स्वतःची कचेरी हवी होती. तलाठ्याचा सजा तीन-चार गावांचा झाला आणि तो सोयीच्या गावी बसू लागला. समाजविकास योजनेच्या, पुढे आमदार-खासदारांच्या निधीतून समाजमंदिरं उभी राहिली. समाजमंदिराच्या मुळाबद्दल कसलाच संशय नसतो: दारातच कोनशिला असते, तिच्यावर तारीख, उद्घाटकाचं नाव, प्रमुख पाहुण्यांची नावं, निधी कोणत्या योजनेचा तेही. बाबासाहेबांच्या अनुयायांच्या वस्त्यांत उभ्या राहिलेल्या समाजमंदिरांना मी वेगळा मान देतो. चावडीच्या अंगणात उभ्या राहिलेल्या माणसांच्या नातवंडांनी तिथे अभ्यास केला, सभा घेतल्या, लग्नं लावली.

कायद्यात मात्र चावडी टिकून आहे. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे फेरफाराची नोंद झाली की तलाठ्याने तिची नक्कल चावडीत ठळक जागी लावायची असते. गावात चावडीच नसेल तर जिल्हाधिकारी सांगतील ती जागा चावडी समजावी, अशी तरतूदही त्यात आहे. सातबारा संगणकावर आला तेव्हा चुका शोधण्यासाठी चावडीवाचन पुन्हा झालं. गावासमोर उतारे मोठ्याने वाचायचे आणि लोकांनी दुरुस्त्या सांगायच्या.

पनवेल तालुक्यात या सगळ्याला एक वेगळीच धार आली. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी गेली. शेतं गेली, मिठागरं गेली, खारी गेल्या. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जासई-दास्तानच्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. जमीन गेली तरी मोजणीदाराने सव्वाशे वर्षांपूर्वी रेघ ओढलेलं गावठाण मागे राहिलं. त्या रेघेला इतकी किंमत येईल असं तेव्हा कोणाला वाटलं असेल? रेघेच्या आतलं घर अधिकृत, वाढत्या कुटुंबासाठी रेघेबाहेर गरजेपोटी बांधलेलं घर अनधिकृत. गाव आपलं जुनेपण सिद्ध करायला कागद शोधू लागलं, आणि कागद नव्हता, कारण गावठाण कोरं सोडलेलं होतं.

अशा वेळी गावकरी देऊळ, विहीर आणि चावडी दाखवतात. मला त्यात फार मोठा अर्थ दिसतो. ज्या वास्तूला कोणाचाच दाखला नाही, तिला गावाच्या जुनेपणाचा दाखला म्हणून उभं केलं जातं. आणि तो दाखला खोटा नाही. गेल्या दीडशे वर्षांत त्या गावाच्या नावाने डकवलेली प्रत्येक नोटीस त्या जागेवर लागली आहे.

1 ऑक्टोबर 2016 ला पनवेल महानगरपालिका झाली, तिच्यात 29 गावं गेली आणि तिथल्या ग्रामपंचायती संपल्या. तालुक्याच्या पश्चिमेला खाडीकाठी त्याहून मोठा बदल झाला. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलवे, कोंबडभुजे, तरघर, गणेशपुरी, चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचं ओवळे, वाघिवली आणि वाघिवलीवाडा अशी दहा गावं हलली. उलव्याची टेकडी छाटली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं. यावेळी गावठाणही उरलं नाही. जिथे माणसं बसत होती ती जोती भरावाखाली गेली. देवळं, शाळा, समाजमंदिरं यांच्यासाठी पुनर्वसनात नव्या जागांचा विचार करावा लागला, आणि नव्या वास्तूंना अर्थातच तारखा आहेत.

भरपाईसाठी प्रत्येक बांधकामाची मोजणी झाली. मोजणीत चौरस मीटर येतात. बैठकीला गावचे पंच कोणत्या बाजूला बसत, बाया कुठून ऐकत, अंगणात कोणाला उभं राहावं लागे आणि तो ओट्यावर पहिल्यांदा कधी बसला, छप्पर शाकारायला कोणत्या घरातून काय येत असे, हे त्या मोजणीत येत नाही. ते सांगू शकतील अशी माणसं आज वडघर, करंजाडे आणि पुष्पक नगरच्या नव्या इमारतींत राहतात, आणि त्यांतली जाणती माणसं साठी-सत्तरीच्या पुढची आहेत. त्यांना विचारताना गावकीतल्या पंचाच्या घरी जितकं जावं तितकंच बौद्धवाड्यातल्या आणि कातकरी वाडीतल्या म्हातारीकडेही जावं. तिला चावडी आठवेल ती अंगणातून पाहिलेली, आणि त्या बाजूची हकीकत अजून कुठेच लिहिली गेलेली नाही.